घरचंच कोणी

फोन श्रीकृष्णरावांनी उचलला, कारण सुहासिनीचे हात भातात होते. चिकूसाठी आळणी भात मऊ शिजवायचा आणि त्यात उकडलेली अंडी कुस्करायची, हे अलीकडे तिचं सकाळचं काम झालं होतं, आणि ते करताना ती दुसरा कसलाच विचार करत नसे. फोन तिचाच, बाहेर टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला. आधी नवऱ्याचं ‘हॅलो’ ऐकू आलं, मग ‘कोण साहेब?’ मग बराच वेळ काही नाही. आणि मग पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या त्या ठणठणीत आवाजात, ‘अहो बाई, मीच बोलतोय. मला काय व्हायचंय?’ सुहासिनीची बोटं भातात होती तिथंच थांबली. भात गरम होता, चटका बसत होता, पण हात बाहेर काढावा हे सुचत नव्हतं. पायाशी बसलेला चिकू तिच्या कोपराकडे टक लावून बघत होता. यवतमाळला लोहाऱ्याकडच्या या घरात इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं की फोन वाजावा आणि आपण चोर असल्यासारखं वाटावं.

श्रीकृष्णराव फोनवर तळवा दाबून दारात आले. बोरी अरबहून कोणी तानाबाई बोलतायत, म्हणाले. माझी तब्येत विचारतायत. माझा आवाज ऐकला आणि रडायलाच लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं पडल्यासारखी मजा होती. सुहासिनीनं हात न धुताच फोन घेतला.

“ताई,” तानाबाई म्हणाली, “साहेबाचा आवाज आयकला. खणखणीत हाय. महादेवानं आयकलं माह्यं.”

सुहासिनी ‘हं’ म्हणाली. एवढं तिला नेहमीच जमत आलं होतं. मग तानाबाईनं आवाज उतरवला आणि ज्यासाठी फोन केला ते सांगू लागली. भगवानराव, म्हणजे तिचा नवरा, नागपूरला सुई घ्यायला जात नव्हता. सुरुवातीच्या सुया घेतल्या, अंगातलं त्राण गेलं, डोक्यावरचे केस उशीवर राहिले, आणि पुढच्या सुईची तारीख आली तेव्हा तो अंगणात बसला तो उठलाच नाही. ती तारीख टळून गेली होती. त्याचं म्हणणं एकच. बसमधल्या त्या बाईच्या साहेबाची गाठ आधी मशीनीत वाचली, तिच्यात काय बिघडलं ते पाहिलं आणि मग औषध दिलं, म्हणून साहेबाला लागू पडलं. आपली गाठ कोणी वाचली? आपल्याला तर सगळ्यांना देतात तेच दिलं.

“तुमच्या पोरीच्या मशीनीत याईचीबी गाठ घाला, ताई. तेवढं करा. नाही तं हे हालतच नाही म्हणून राह्यले.”

“बघते,” सुहासिनी म्हणाली. “मी बघते.” तिनं फोन ठेवला तेव्हा काचेवर बलकाचा पिवळा ठसा उमटला होता. तो तिनं पदरानं पुसला, पुन्हा पुसला. चिकूला खाणं घातलं. तो चपाचप खाऊ लागला. काही महिन्यांपूर्वी तोंड न लावणारा हा कुत्रा आता भांडं सरकत भिंतीपर्यंत जाईस्तोवर चाटत असे, आणि ते बघताना तिला दर वेळी जो आनंद व्हायचा तो या वेळीही झाला. त्याचीच तिला आता लाज वाटली.

खोटं ती काही बोलली नव्हती. हे ती स्वतःला त्या दिवसापासून सांगत आली होती. मुलींच्या शाळेत तिनं बरीच वर्षं मराठी शिकवलं होतं, व्याकरण तर जरा जास्तच जाचक शिकवलं होतं, आणि कुठल्या शब्दात किती दडवता येतं हे तिला माहीत होतं. पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. चिकूच्या जबड्याखाली हात फिरवताना तिला पहिल्यांदा गाठी लागल्या, सुपारीएवढ्या, दोन्ही बाजूंना सारख्या, आणि तिच्या पोटात खड्डा पडला. तो खड्डा तिला ओळखीचा होता. आईच्या वेळी असाच पडला होता. मग गाठी वाढल्या, मागच्या पायांशीही आल्या. स्पृहा, तिची मुलगी, नागपूरला हेच काम करत होती. कुत्र्यांना होणारा कॅन्सर घ्यायचा, गाठीतल्या पेशी फोडून आतला धागा काढायचा, आणि त्या धाग्यावरची अक्षरं यंत्रानं वाचायची. निरोगी कुत्र्याची अक्षरं आणि आजारी कुत्र्याची अक्षरं शेजारी शेजारी मांडली की कुठली ओळ खोडली गेली, कुठं एखादं अक्षर फिरलं ते दिसतं. सुट्टीत आली की स्पृहा जेवताना हे सगळं सांगायची आणि श्रीकृष्णराव म्हणायचे, बाई, कुत्र्याचं प्रूफ वाचून पोट भरणार का? स्पृहा हसायची नाही. ती म्हणायची, बाबा, कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपलंच पाणी पितो, आपण फवारलेल्या शेतातून धावतो, आणि त्याला आपल्यापेक्षा लवकर होतं. त्याच्या गाठीत आपलंच लिहिलेलं असतं. तेव्हा हे वाक्य सुहासिनीला आवडलं होतं. विद्यार्थिनीनं निबंधात लिहावं तसं वाक्य. चिकूच्या गळ्याखाली बोटं गेली तेव्हा त्या वाक्याचा आवाज बदलला.

गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून दिला. तो बर्फात ठेवून त्याच दिवशी नागपूरला पोचायला हवा होता. स्पृहाला यंत्रापुढून उठता येत नव्हतं, श्रीकृष्णरावांचा गुडघा सुजला होता. मग सुहासिनीनंच थर्माकोलचा डबा छातीशी धरला आणि नागपूरची एस.टी. पकडली. बस खच्चून भरली होती. कंडक्टर म्हणाला डबा वर ठेवा, पायात नको. ती घाबरली. वरच्या फळीवर पोतं होतं, पत्र्याच्या पेट्या होत्या. ती जरा मोठ्यानंच म्हणाली की ठेवता येणार नाही, कॅन्सरच्या तपासणीचं आहे, नागपूरला द्यायचंय. त्या शब्दानं बसमध्ये वाट झाली. तिला ते दिसलं, लोक कसे अंग चोरून मागं झाले ते. आणि दोघांच्या बाकावर बसलेला एक उंच, गळ्याला दुपट्टा गुंडाळलेला माणूस उठून उभा राहिला. बसा, म्हणाला, एवढी जोखीम हातात धरून उभं नाही राह्यता येत. ती बसली. खिडकीशी त्याची बायको होती. तिनं आपलं लुगडं आवरून जागा केली आणि डब्याकडे बघत हळूच विचारलं, कोणाचं हाय वो ताई?

“घरचंच,” सुहासिनी म्हणाली.

कोणाचं, घरचंच. नपुंसकलिंगानं ते काम केलं. दुखणं घरचं, सॅम्पल घरचं. माणूस की जनावर, बाई की बुवा, ते या प्रत्ययात कुठंच नाही. पुढं बाईनं विचारलं, साहेबाचं? तेव्हा बस रस्त्यावरच्या उंचवट्यावरून गेली, सगळ्यांबरोबर तिचीही मान खाली-वर झाली, आणि बाईनं खोल श्वास घेऊन आपला खरखरीत तळवा तिच्या हातावर ठेवला. ती मान धक्क्यानं हलली होती. किंवा हलवली होती. घरी आल्यावर कितीतरी वेळा तिनं ती मान आठवून पाहिली, आरशासमोर हलवूनसुद्धा पाहिली, आणि तिला ठरवता आलं नाही. एवढं मात्र तिला पक्कं आठवत होतं की ‘नाही’ म्हणायला पुष्कळ वेळ होता. कळंब यायचं होतं, देवळी यायची होती, वर्धा तर फार पुढं. दोन्ही अंगांनी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी होती, फवारणीचा तो गोडसर, घशात चिकटणारा वास खिडकीतून आत येत होता, आणि सांगायला सबंध रस्ता मोकळा होता.

“आमच्याबी याईचं तेच हाय,” तानाबाई म्हणाली होती, उभ्या माणसाकडे हनुवटी करून.

तेव्हा सुहासिनीनं वर पाहिलं. दुपट्ट्याखाली त्याची मान कानाखालून खांद्यापर्यंत एकसारखी भरलेली होती. तिच्या बोटांना तो आकार ओळखता आला. ती अर्धवट उठली. तानाबाईनं तिला दंडाला धरून खाली बसवलं, आणि भगवानराव म्हणाला की आपल्याला उभं राहायची सवय आहे, कास्तकाराचे पाय आहेत. मग तिनं काय केलं? ती बसली. मांडीवर कुत्र्याचा तुकडा घेऊन ती बसून राहिली, आणि ज्याच्या गळ्यात मरण होतं तो माणूस कळंबपर्यंत वरच्या दांड्याला धरून उभा राहिला. कळंबला जागा रिकामी झाली, तो बसला, आणि दुपट्ट्यानं कपाळाचा घाम पुसताना तिच्याकडे बघून हसला. एवढं तिनं पाहिलं होतं.

मग तानाबाई बोलत राहिली होती. मुलगी प्रेरणा, यवतमाळला शिकते. घरची कपाशी, तूर. याईच्या मानेत गाठ दिसली तेव्हा आधी वाटलं फवारणीनं आली असंल, जाईल. नागपूरला तुकडा काढून घेतला होता, आज त्याचं कळणार होतं. सुहासिनीनं त्या बदल्यात काहीतरी द्यावं म्हणून स्पृहाचं सांगितलं. मुलगी तपासणीचंच काम करते. गाठीतली अक्षरं वाचते, त्यावरून कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. हे सांगताना तिचा आवाज वर्गातला झाला होता आणि भगवानराव मागच्या बाकावरून पुढं वाकून ऐकत होता. एक शब्द राहिला होता फक्त. कोणाच्या गाठीतली, तो. नागपूरला उतरताना तानाबाईनं नंबर घेतला आणि ऑटोवाल्याला दम भरला, की बाईच्या हातात साहेबाचा जीव हाय, खड्डे पाहून चालव. ऑटो हळू गेला. सुहासिनी आत डबा धरून बसली होती आणि तिचा चेहरा तापला होता, तरी तिला हलकंही वाटत होतं. कारण त्या सकाळपर्यंत तिच्या दुःखाला कोणी दुःख म्हटलं नव्हतं. शेजारचे सदाशिवराव म्हणाले होते, वहिनी, म्हातारा कुत्रा आहे, एक सुई द्या आणि सुटका करा. भजनातल्या बायका म्हणाल्या होत्या, इथं माणसांना मिळत नाही आणि कुत्र्याला केमो? ते खरंच होतं. रोज पेपरात यवतमाळचं नाव काळ्या अक्षरात येत होतं, फवारताना विषबाधा होऊन पडलेली माणसं सरकारी दवाखान्यात खाटेला खाट लावून होती, आणि ती लॅब्रॅडॉरच्या गाठीसाठी उशीत तोंड खुपसून रडत होती. हे सांगायचं कोणाला? मग एक अनोळखी बाई हातावर हात ठेवते, न सांगता पोटातला खड्डा ओळखते. तो हात परत कसा करायचा?

आणि नंतरचे फोन. ते तर कोणी धक्का देऊन घ्यायला लावले नव्हते. तानाबाईचा फोन सोमवारी यायचा. साहेब जेवतात काय? जेवतो, जरा बरं आहे. सूज उतरली काय? उतरली. ‘जेवतात’ला ‘जेवतो’ असं उत्तर देताना तिची जीभ अडखळायची, आणि तानाबाई बहुधा त्याला शिकलेल्या बायकांची रीत समजायची. स्पृहाच्या यंत्रानं तोवर अक्षरं वाचली होती. गाठ औषध ऐकणाऱ्या जातीची निघाली. भाड्याच्या गाडीनं चिकूला नागपूरला नेऊन सुया दिल्या, आणि गाठी विरघळल्या, पावसात ढेकूळ विरघळावं तशा. ही बातमी तिनं सगळ्यात आधी कोणाला सांगितली असेल तर ती तानाबाईला. तानाबाई म्हणाली होती, लय झ्याक झालं, ताई. त्या दिवशी सुहासिनीनं भगवानरावांचं विचारलंच नव्हतं. विसरली. फोन ठेवल्यावर आठवलं, आणि वाटलं, पुढच्या सोमवारी विचारू.

दुपारी सदाशिवराव चहाला आले तेव्हा श्रीकृष्णरावांनी खोदून खोदून तिच्याकडून सगळं काढून घेतलेलं होतं. तिनं सांगितलं होतं ते तुटक तुटक, ओट्याकडे तोंड करून, आणि तिला वाटलं होतं ते चिडतील. आपल्या जिवंत, धडधाकट नवऱ्याला आपण परक्या माणसांत आजारी पाडलं, हे अभद्र आहे, ते रागावतील, आणि ते रागावले तर काहीतरी फिटेल. ते हसले. खूप हसले. आणि सदाशिवरावांना सांगताना तर त्यांनी ते नाटकासारखं रंगवलं. बायकोनं मला कॅन्सर लावला आणि कुत्र्याच्या सुईनं बरा पण केला. उंचवटा, मान, ‘घरचंच’, सगळं. तानाबाईचा आवाजसुद्धा काढला. सदाशिवराव डोळे पुसत म्हणाले, वहिनी, आता तुम्ही यांच्या गळ्यात पट्टा बांधा. आणि सुहासिनी बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती, तिच्या तोंडातून हसू फुटलं. ते आतून वर आलं, शिंक येते तसं. तिला थांबवता आलं असतं असं तिला वाटत नाही. पण थांबवावंसं वाटलं होतं का, हेही तिला आठवत नाही. बशी ठेवून ती आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी तिनं स्पृहाला फोन केला. स्पृहा हसली नाही. तिनं विचारलं, सुया कुठल्या होत्या ते माहीत आहे का, एक लाल रंगाची होती का? मग म्हणाली की माणसांच्या दवाखान्यात गाठ कुठल्या जातीची ते तपासूनच औषध ठरवतात, त्यांचंही तपासलेलंच असणार, आणि ते औषध बरोबरच असणार. “आई, चिकूला आपण दिलं ते त्यांचंच आहे. माणसांचंच औषध आम्ही कुत्र्यांना देतो. त्यांना म्हणावं थांबू नका, मध्येच थांबलं तर गाठ औषधाला दाद देईनाशी होते.” आणि थोड्या वेळानं, “फोनवर नको सांगूस.” मुलीनं हे आज्ञा केल्यासारखं म्हटलं नव्हतं, तरी सुहासिनीला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. श्रीकृष्णराव म्हणाले होते, अगं, फोनवर सांग की एक थाप मारून, म्हणावं, साहेबांना दुसरंच काही होतं. ती थाप तिला बसमध्ये बसल्यावर फार सोपी वाटली. निदान चुकलं होतं, साधी गाठ निघाली, बस्स. तिनं ती वाक्यं मनात रचली, पुन्हा रचली, आणि ती इतकी नीट रचली गेली की तिला स्वतःची भीती वाटली. बाहेर कपाशीची पानं लाल पडत चालली होती, अळीनं खाल्लेली बोंडं तोंड मिटून बसली होती, कुठं कुठं बायका ओळीनं वेचत होत्या. बोरी अरबला उतरल्यावर घर विचारायला लागलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, भगवानरावाकडे? नागपूरच्या डाक्टरीण बाई काय तुमी? तिनं नाही म्हटलं. तो म्हणाला, ते वाटच पाहून राह्यले.

घराच्या पुढच्या खोलीत कापूस होता, अर्ध्या भिंतीपर्यंत, आणि त्या कापसाला टेकून भगवानराव बसला होता. दुपट्टा आता डोक्याला होता. मान मात्र बारीक झाली होती, कानाखाली नुसती सैल कातडी राहिली होती. सुयांनी त्यांचं काम केलं होतं आणि ते त्याला कळलं नव्हतं. तो उठायला लागला. “बसा,” ती म्हणाली, “बसा हो.” तानाबाई कवडी वेगळी काढत खाली बसली होती, अळीनं खाल्लेला पिवळा कापूस एकीकडे आणि चांगला एकीकडे. ती लगबगीनं उठली, पाणी आणलं, ताई ताई करत चुलीकडे गेली. प्रेरणाला सांगू काय, म्हणाली, पोरीले तुमच्या पोरीसंगं बोलायचं हाय. साहेबाईले नाही आणलं? सुहासिनी पाण्याचा गिलास धरून होती. मघाची थाप जिभेवर तयार होती, तिची चवही लागत होती. आणि चहाची वाट बघावी, चहा झाल्यावर सांगावं, असंही एक मन म्हणत होतं. पण चहा प्यायल्यावर सांगणं म्हणजे चहाही चोरल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

“साहेबांना काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “कधीच नव्हतं. त्या डब्यात आमच्या कुत्र्याची गाठ होती.”

भगवानरावानं बायकोकडे पाहिलं, मग सुहासिनीकडे. मग तिनं सगळं सांगितलं, घाईघाईनं, वेडंवाकडं. मुलगी कुत्र्यांचंच तपासते, माणसांचं नाही, तिच्या यंत्रात यांची गाठ घालता येत नाही. यांची दवाखान्यात तपासलेलीच असणार. बसमध्ये सांगायला हवं होतं. फोनवर सांगायला हवं होतं. तिला वाटत होतं ती क्षमा मागेल, आणि वाक्य संपत आल्यावर तिला कळलं की तो शब्द निघतच नाहीये, कारण तो काढला असता तर त्या दोघांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

भगवानरावानं आपले हात उलटे करून पाहिले. नखं काळपटली होती.

“त्यालेबी लाल सुई देली काय?” त्यानं विचारलं.

“हो. लालच.”

“ओकते काय?”

“पहिल्यांदा ओकला. काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही.”

“मंग?”

“मग खायला लागला. आता भांडं चाटतो.”

तो मान हलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तिनं शोधून पाहिलं, राग कुठं आहे, पण तो खरोखरच त्या कुत्र्याचा विचार करत होता, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा करावा तसा. केस गेले काय, त्यानं विचारलं. थोडे गेले, मिशा गेल्या सगळ्या. हे ऐकून त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग त्यानं विचारलं की बिमारी पलटून येते काय. इथं तिला थांबावंसं वाटलं. पण थांबली नाही. कुत्र्यांत येते, ती म्हणाली, वर्षाच्या आत बहुतेकदा येते. माणसांत औषध पूर्ण घेतलं तर पुष्कळदा येत नाही, असं मुलगी म्हणते. औषध हेच. माणसांसाठी केलेलं, कुत्र्यांना उसनं दिलेलं. दुसरं कुठलं चांगलं औषध कुठंही लपवून ठेवलेलं नाही.

“म्हंजे तपासून बी हेच निघालं,” भगवानराव म्हणाला. आणि मग चुलीकडे, “सोमवारी जाऊ आपण. सकायच्या गाडीनं.”

तानाबाईनं चहा गाळला, बशीत कप ठेवून सुहासिनीच्या पुढं सरकवला, आणि पुन्हा कापसापाशी बसली. कवडी इकडं, कापूस तिकडं. भगवानराव दमला होता. त्यानं डोळे मिटले. चहावर साय धरली. सुहासिनीला वाटत होतं तानाबाईनं काहीतरी बोलावं, तोडून बोलावं, हाकलावं. उठायचं कसं ते तिला कळेना.

“तुमी हासल्या असान घरी,” तानाबाई म्हणाली. मान वर न करता.

नाही म्हणायला सुहासिनीनं तोंड उघडलं. आणि बिस्किटांची बशी, तो फुटलेला आवाज, सगळं आठवलं.

“हसलो,” ती म्हणाली. “मी पण हसले.”

तानाबाईच्या बोटांनी एक कवडी सोलली, पाहिली, बाजूला टाकली. तिचा चेहरा जरा सुजल्यासारखा दिसत होता, रडण्याआधी दिसतो तसा, पण ती रडली नाही. मग ती सांगू लागली, कोणाला उद्देशून नाही, कापसाकडे बघत. नागपूरहून आली त्या आठवड्यात तिनं महादेवाला सोळा सोमवार बोलले होते. सकाळचं जेवण सोडलं ते याईच्यासाठी. मग विचार केला, त्या ताईच्या घरात करणारं कोणी नाही, एकलीच डबा घेऊन फिरून राह्यली, तिच्यानं उपास होते की नाही होत. म्हणून रातचं जेवण सोडलं ते साहेबासाठी. सोमवारी पाण्यावर असते. कपाशी वेचायला जाते तेव्हा डोळ्यापुढं अंधारी येते, प्रेरणा रागावते.

सुहासिनीनं हातातला कप खाली ठेवला. तिला आठवलं, फोन सोमवारी यायचे. दिवस मावळायच्या सुमाराला. त्या वेळी ती चिकूला फिरवून आलेली असायची आणि पोळ्या करायला घ्यायची, आणि फोन खांद्याशी धरून सांगायची, हो, जेवला, बरं आहे.

“सोडून द्या तो,” ती म्हणाली. “तानाबाई, तो उपास सोडून द्या. माझ्यासाठी नका.”

“धरलं ते अर्ध्यावर सोडता नाही येत,” तानाबाई म्हणाली. तिच्या स्वरात काय होतं, राग की हिशेब की नुसता थकवा, ते सुहासिनीला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. “यायचं काम पडत नाही आता तुमचं इकडे. फोनबी नोका करू. पण ज्याच्यासाठी बोललं त्याचं नाव महादेवापुढं खोटं घेता नाही येत. माह्यं आजवर खोटंच झालं.” आणि तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “नाव काय हाय त्याचं, मॅडम?”

भगवानरावानं डोळे उघडले होते. तोही बघत होता. खोलीत कापसाचा कोरडा वास होता. सुहासिनीनं ते नाव सांगितलं, पण ते तिच्या तोंडातल्या तोंडात राहिलं.

“काय?” तानाबाईनं विचारलं.

तिला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.